थोरिन गायला बसतो

दिवाळीच्या आवराआवरीत दरवर्षी माझा एक खण निकालात काढायचं ठरतं आणि दरवर्षी तो खणच जिंकतो. त्यात कुलूप हरवलेल्या किल्ल्या आहेत, किल्ली हरवलेलं कुलूप आहे, सुतळीचे तुकडे आहेत, बूट फाटून गेले तरी मागे राहिलेल्या नाड्या आहेत, अर्धी मेणबत्ती आहे आणि एक पितळी कडी आहे. ही कडी कशाची, ते आमच्या बिल्डरलाही सांगता येणार नाही.

“ही टाकू?” बायको विचारते.

“नको. लागेल.”

“कशाला?”

“ते लागेल तेव्हा कळेल.”

यावर ती आईकडे बघते. आई म्हणते, “लहानपणी असा नव्हता गं. त्या कॉम्प्युटरने नादाला लावला.” आईच्या माळ्यावर श्रीखंडाचे रिकामे डबे एकात एक बसवून छतापर्यंत गेले आहेत, पण त्याला संसार म्हणतात. माझा खण म्हणजे नाद.

निदान मात्र अचूक आहे. मी ज्या वयात बिघडलो त्या वयात घरगुती कॉम्प्युटरवर कोड्यांच्या साहसखेळांची चलती होती. त्यांचा पहिला नियम असा, की दिसेल ते उचलायचं. दोरी दिसली, उचला. फुटका दिवा दिसला, उचला. दारात पडलेलं रद्दी टपाल दिसलं, तेही उचला. कशाचा उपयोग कुठे होणार हे फक्त खेळ लिहिणाऱ्याला ठाऊक असे, आणि तो माणूस आपल्यावर कसला तरी जुना राग काढतोय अशी माझी तेव्हापासूनची शंका आहे.

या प्रकरणाला सुरुवात केली ती विल क्राउदर नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने, १९७० च्या दशकाच्या मध्यावर. त्याला गुहांमधून सरपटत हिंडायचा नाद. केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये पाहिलेली गुहा त्याने कॉम्प्युटरवर नुसत्या शब्दांत उभी केली, आपल्या मुलींना खेळता यावं म्हणून. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात भर घातली. चित्र नाही, आवाज नाही. तुम्ही कुठे आहात ते मशीन लिहून सांगणार, तुम्ही एकदोन शब्दांत हुकूम टाइप करायचा. आपण सांगायचं आणि समोरच्याने निमूट ऐकायचं, ही सोय घरात फक्त आजीला होती. त्यामुळे कल्पना मोहक वाटायची.

प्रत्यक्षात ऐकायचं कुणी नाव घेत नसे. त्या गुहेत एक पक्षी आहे. तो पकडायला गेलं की हातातल्या काठीला बुजतो. म्हणजे काठी टाकून पक्षी पकडायचा. का? तर पुढे एक साप वाट अडवून बसलाय, आणि त्याला हुसकायला काठी चालत नाही, हा पक्षी चालतो. आणखी आत गेलं की गालिच्यावर एक ड्रॅगन पसरलेला. तुम्ही हुकूम देता, ड्रॅगनला मार. मशीन विचारतं, कशाने? नुसत्या हातांनी? सभ्य घरातला मुलगा इथे ओशाळतो आणि तलवार शोधायला निघतो. तलवार नाहीच. त्या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर द्यायचं असतं. ‘हो’ म्हटलं की ड्रॅगन मरतो.

आता हे मराठी मुलाला कसं सुचावं? “आता काय रात्रभर जागणार आहेस?” “हे सगळं तूच एकटा खाणार आहेस का?” असल्या प्रश्नांना ‘हो’ म्हटल्यावर आमच्या घरात जे व्हायचं, त्यात ड्रॅगन मरत नसे.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तो मामामुळे. इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला होता. काळी चपटी पेटी, रबरी बटणं, आणि ४८ के मेमरीच्या मॉडेलची किंमत १७५ पौंड. ४८ के म्हणजे किती? आज सकाळी तुमच्या फोनवर ‘शुभ सकाळ’ लिहिलेलं जे गुलाबाचं फूल आलं असेल ना, ते बहुधा त्यात मावलं नसतं. (डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन आपल्याकडे स्पेक्ट्रम विकायला काढला तो १९८६ च्या सुमारास. तोवर ज्याचा मामा परदेशात, त्याचाच कॉम्प्युटर.) मामाने पेटीबरोबर ‘द हॉबिट’ नावाचा खेळही आणला. त्याच्या खोक्यात कॅसेटबरोबर टॉल्किनची अख्खी कादंबरी होती.

“भाऊजी, हे नुसतं खेळणं नाही,” मामा बाबांना म्हणाला. “ही कादंबरी वाचल्याशिवाय खेळ सुटतच नाही.”

“म्हणजे इंग्रजी सुधारेल,” बाबा म्हणाले, आणि दिवाणखान्यातला कलर टीव्ही सोडायला तयार झाले.

खेळ कॉम्प्युटरात कुठून येत असे, तर टेपरेकॉर्डरमधून. कॅसेट लावायची, स्पेक्ट्रमला हुकूम द्यायचा आणि पाचेक मिनिटं श्वास धरून बसायचं. टीव्हीच्या कडेला रंगीत पट्टे नाचू लागत आणि घरभर एक किंकाळी सुरू होई. पहिल्या दिवशी आजी स्वयंपाकघरातून ओरडली, “अरे, त्या मांजराला सोडा आधी!”

आवाज थोडा कमी असला तर खेळ चढत नसे. जास्त असला तरी नाही. मग टेपरेकॉर्डरच्या बटणावर पेनाने खूण करायची. ती खूण धाकटी बहीण गाणी ऐकताना हलवणार. तरीही जमलं नाही, तर बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन हेडचा स्क्रू केसभर फिरवायचा. त्याने खेळ चढायचा, पण बाबांच्या नाट्यगीतांतल्या सगळ्या गायकांना सर्दी व्हायची. खेळ चढत असताना मिक्सर लावायचा नाही, दार आपटायचं नाही, असे फतवे मी काढत असे. घरातली माणसं ते पाळतही. वीजमंडळ पाळत नसे.

जिथवर पोचलो तिथवरचा खेळ रिकाम्या कॅसेटवर जपून ठेवता येई. अशी एक कॅसेट मी जिवापाड जपली होती. एका रविवारी ती लावली, तर पट्टे नाहीत, किंकाळी नाही, पडद्यावर ‘टेप लोडिंग एरर’. टेपरेकॉर्डरची वायर काढून ऐकलं, तर कुणी बुवा तब्येतीत मारवा आळवत होते.

“बाबा, माझ्या कॅसेटवर तुम्ही काय केलंत?”

“रेडिओवर संगीत सभा होती, टेप केली. तुझी कॅसेट रिकामीच होती. मी नीट ऐकून बघितली. नुसती खरखर.”

आता मूळ खेळाकडे. ‘द हॉबिट’ मेलबर्नमध्ये तयार झाला. व्हेरोनिका मेगलर आणि फिलिप मिचेल हे तो लिहिणारे, तेव्हा स्वतःच विद्यापीठात शिकत होते. त्यांचं मोठेपण असं, की यातली पात्रं तुमच्यासाठी थांबून राहत नसत. ती आपापल्या कामाला निघून जात. इतर खेळांत राजा, राक्षस, पहारेकरी तुम्ही येईपर्यंत जागच्या जागी उभे असत. इथे सुरुवातीलाच गँडाल्फ नावाचा जादूगार तुमच्या घरात असतो, तुमच्या हातात एक विचित्र नकाशा देतो, आणि तुम्ही तो न्याहाळेपर्यंत दार उघडून चालता होतो. नकाशा वाचता येतो तो एल्रॉन्डला. त्याच्यापर्यंत पोचायला वाटेतल्या दोन राक्षसांच्या तावडीतून सुटायला हवं. ते पहाट झाली की दगड होतात, आणि पहाटेआधी भेटले की तुम्हाला खातात. एवढं सगळं निस्तरून एल्रॉन्डपाशी जावं, नकाशा वाच म्हणावं, तर तो कधीकधी सरळ ‘नाही’ म्हणतो. कारण देत नाही. सरकारी कचेरीत मी पुढे कधीच खचलो नाही, याचं श्रेय एल्रॉन्डला आहे.

पण या खेळातलं माझं सर्वांत आवडतं पात्र म्हणजे थोरिन. हा ठेंगूंचा राजपुत्र, मोहिमेचा म्होरक्या. त्याच्याच पूर्वजांचं सोनं सोडवायला आपण निघालेलो. अंधारात गोब्लिन फिरताहेत, मागचा रस्ता बंद, मी शब्दकोश उघडून पुढचं क्रियापद शोधतोय, आणि पडद्यावर ओळ उमटते की थोरिन खाली बसून सोन्याबद्दल गाणं म्हणू लागला. पुन्हा एक हुकूम द्यावा, पुन्हा थोरिन गायला बसतो. गोब्लिनांच्या कोठडीत सगळे डांबलेले असतानाही तो गायला बसतो. मध्येच ‘चल, घाई कर’ असंही मलाच सुनावतो. आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात असा एक काका असतोच. मांडववाला रुसलाय, भटजी यायचेत, मुलीचे वडील घामाघूम, आणि काका सतरंजीवर मांडी ठोकून “एक पेटी मिळेल का कुठे?” विचारतोय.

आणखी एक घात म्हणजे तुम्ही काही टाइप केलं नाही, तरी खेळात वेळ पुढे जात राही.

“जेवायला ये,” आई हाक मारी.

“आलो, दोन मिनिटं.”

“तो काय पळून जाणार आहे?”

कॉम्प्युटर जाणार नव्हता. गँडाल्फ जाणार होता. आमटीभात गिळून परत यावं तर तो कुठेतरी गेलेला, कधी कुठल्याशा कोपऱ्यात गोब्लिनांच्या हातून मेलेलासुद्धा. ही बातमी मी जेवणाच्या टेबलावर सांगितली तेव्हा आजीने विचारलं, “त्याला मुलंबाळं किती?”

भाषेची गंमत वेगळीच. मी मराठी माध्यमातला, इंग्रजी पाचवीपासून. माझी शिदोरी म्हणजे तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’. ‘हॉबिट’वाल्यांना आपल्या खेळाच्या इंग्रजीचा फार अभिमान. पूर्ण वाक्यं समजतात अशी जाहिरात, आणि त्या भाषेचं नाव ‘इंग्लिश’, पण स्पेलिंग ‘आय’पासून. आमच्या बाईंनी तिथेच अर्धा मार्क कापला असता. तर्खडकरी वळणाने मी थोरिनला विनंती करावी की महाशय, आपण ती खिडकी उघडण्याची कृपा कराल काय, आणि मशीनने ‘कृपा’ हा शब्दच माहीत नसल्याचं सांगावं. पुढे लक्षात आलं की त्यालाही इंग्रजी बेताचंच येतं. मग आमचं जमलं.

कॉलेजात गेल्यावर पीसी आले आणि फ्लॉपीवरून फिरणारे अमेरिकन खेळ. त्यातला ‘झॉर्क’ एमआयटीतल्या चौघांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी मोठ्या कॉम्प्युटरवर लिहिलेला. घरच्या कॉम्प्युटरात मावेना, म्हणून पुढे इन्फोकॉम कंपनीने त्याचे तीन भाग केले. त्यात एक रत्नजडित अंडं मिळतं. ते उघडायचंय. तुम्ही उघडलंत तर फुटतं. मग? खेळात एक चोर हिंडत असतो, तुमच्या वस्तू पळवत. अंडं त्याला द्यायचं! नाजूक कुलपं उघडण्याचं कसब फक्त त्याच्याकडे. तो निवांत उघडेल, मग त्याला गाठून, मारून, परत घ्यायचं. याच झॉर्कमध्ये एक चक्रव्यूह आहे, सगळ्या वाटा एकसारख्या. खूण म्हणून प्रत्येक ठिकाणी एकेक वस्तू टाकत जायचं, असा आमच्या हॉस्टेलातल्या एका हुशार मुलाचा सल्ला. टाकत गेलो. चोर मागून उचलत आला.

१९८४ च्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये एक म्हातारा बुटका आपलं नाव ओळखायला सांगतो. परीकथा वाचलेली पोरं लगेच म्हणतील, रम्पलस्टिल्टस्किन. चूक. उलटा विचार कर, अशी चिठ्ठी चेटकिणीच्या घरात असते. म्हणून नाव शेवटून पहिल्या अक्षरापर्यंत लिहावं. तेही चूक. अख्खी एबीसीडी उलटी मांडायची, ‘ए’च्या जागी ‘झेड’, ‘बी’च्या जागी ‘वाय’, आणि मग जे नाव तयार होतं ते टाइप करायचं. ते साधारण ‘इफ्नकोव्हग्रोघप्रम’ असं आहे. एका मित्राने ते वहीच्या समासात लिहून ठेवलं होतं. त्याच्या वडिलांनी ते पाहिलं आणि हॉस्टेलवर चौकशीला आले.

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’. हाही १९८४ चा, इन्फोकॉमचाच. मूळ लेखक डग्लस ॲडम्स स्वतः स्टीव्ह मेरेट्स्कीबरोबर लिहायला बसला, म्हणजे विचार करा. सुरुवातीला तुम्ही अंधारात डोकेदुखी घेऊन जागे होता. गाऊनच्या खिशात डोकेदुखीची गोळी, थोडा कापूस आणि आत्याने दिलेली एक वस्तू. ती वस्तू काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. टाकली तरी ती परत तुमच्याकडे येते. अशी आत्या आणि अशी वस्तू इंग्लंडातही असते, हे कळल्यावर मला जग जवळ आल्यासारखं वाटलं.

पुढे अंतराळयानात एक यंत्र आहे. बटण दाबलं की बेबल फिश नावाचा मासा बाहेर पडतो. तो कानात घातला की विश्वातली कुठलीही भाषा कळते. बटण दाबा. मासा सुसाट निघून समोरच्या भिंतीतल्या भोकातून गायब. बरं, भोकावरच्या हुकाला गाऊन अडकवा. मासा गाऊनवर आपटतो, बाहीतून घसरतो आणि खालच्या मोरीत जातो. मोरीवर टॉवेल घाला. मासा टॉवेलवर पडतो, इतक्यात सफाई करणारा रोबो येतो आणि मासा उचलून भिंतीतल्या झडपेतून पसार होतो. झडपेपुढे बॅग ठेवा. रोबो बॅगेवर धडकतो, मासा उंच उडतो, आणि खोलीचा वरचा अर्धा भाग साफ करणारा दुसरा रोबो तो हवेतच झेलतो. आता काय? आता बॅगेवर रद्दी टपालाचा गठ्ठा ठेवायचा. गठ्ठा हवेत उधळतो, वरचा रोबो कागद गोळा करत बसतो आणि मासा कानात पडतो.

आणि ते टपाल खेळाच्या अगदी सुरुवातीला तुमच्या दारात पडलेलं होतं. तिथे उचललं नसेल, तर आता तुमचं घर पाडलं गेलंय, पृथ्वीही उडवली गेलीय, परत जायची सोय नाही. तसंच वाटेत एक कुत्रा भेटतो, त्याला पबमधलं चीज सँडविच घालायचं. घातलं नाही तर? काही होत नाही. खूप, खूप पुढे गेल्यावर कळतं, की तुम्ही एका सूक्ष्म अंतराळ आरमारात आहात आणि समोरून तोच कुत्रा येतोय, उपाशी. इतक्या उशिरा फळ देणारं पाप आमच्या आजीच्या पोथ्यांतही नव्हतं. बेबल फिश मिळवणाऱ्यांसाठी तसा मजकूर छापलेले टीशर्ट इन्फोकॉमने विकले. लोक ते घालून फिरत. बरोबरच आहे. आपल्याकडे लोक याहून कमी कर्तृत्वावर फ्लेक्स लावतात.

तर आमची पिढी आता जमली की एक ठरलेलं भाषण होतं. परवा मित्राकडे तेच चाललं होतं. आजकालच्या मुलांना सगळं आयतं लागतं, आमच्या वेळी डोकं चालवावं लागायचं, वगैरे. मित्राची मुलगी शांतपणे ऐकत होती.

“काका, तुम्ही तो माशाचा खेळ सोडवलात?”

“म्हणजे काय! तुझ्या बाबांनी आणि मी मिळून.”

“स्वतः?”

“स्वतः म्हणजे... ते टपालाचं तुझ्या बाबांच्या आतेभावाने सांगितलं.”

“त्याला कसं कळलं?”

आतेभावाला त्याच्या सीनियरने सांगितलं होतं, सीनियरकडे झेरॉक्स होती, आणि झेरॉक्स कुणाच्या तरी अमेरिकेतल्या भावाने पाठवली होती. त्या भावाने ती कशावरून काढली? तिथे तर उत्तरांच्या पुस्तिकाच मिळत. ‘इन्व्हिजिक्लूज’ नावाच्या. उत्तरं अदृश्य शाईत छापलेली, सोबतचा खास मार्कर फिरवला की दिसणार. आधी नुसती सूचना, मग थोडी मोठी सूचना, मग साफ उत्तर. ही कल्पना ‘झॉर्क’च्या चाहत्यांची कोडी सोडवून देण्याचा उद्योग करणाऱ्या माइक डॉर्नब्रुकची. म्हणजे खुद्द अमेरिकेतही उत्तरांचा स्वतंत्र धंदा जोरात होता. मुलीने हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मग डोकं कुणी चालवलं?”

मित्राला ते लागलं. बीबीसीने २००४ मध्ये हा खेळ आपल्या वेबसाइटवर फुकट ठेवला होता, तिकडेच वळलो. चष्मे पुसले. सुरुवातीचा भाग चुटकीसरशी झाला. अंधारात उठणं, चाचपडत दिवा लावणं, खिशातली गोळी घेणं, हे पन्नाशीच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मग दारात आलो. बाहेर घर पाडायला बुलडोझर उभा. मित्र म्हणाला, त्याच्यापुढे आडवं पडायचं असतं. मी म्हटलं, आधी त्याच्याशी बोलून बघू. बोलून बघेपर्यंत घर पडलं, आमच्या अंगावर. दुसऱ्यांदा आडवे पडलो, निभावलं, पबमध्ये गेलो, बिअर प्यायलो, मित्र भावुक झाला, त्याने पहिल्या नोकरीची गोष्ट काढली. तेवढ्यात पृथ्वी उडाली.

तिसऱ्या डावात यंत्रापर्यंत पोचलो. गाऊन अडकवला, टॉवेल घातला, बॅग ठेवली. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“टपाल?”

“मला वाटलं, तू उचललंस.”

मित्राने हळूच फोन काढून टेबलाखाली धरला. सबंध खेळाची उत्तरं आता इंटरनेटवर पडलेली असतात, शाईसुद्धा दिसणारी. मी मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिलो, म्हणजे कुणी विचारलं तर मी नव्हतो असं सांगता यावं. “बाबा!” मुलगी ओरडली. मित्र म्हणाला, “व्हॉट्सॲप आलं होतं.”

माझं स्पष्ट मत आता असं झालंय, की हे खेळ डोक्याने सुटत नसत, ओळखीने सुटत. ज्याचा भाऊ अमेरिकेत त्याचा मासा कानात, बाकीच्यांचा मोरीत. गोब्लिनांच्या कोठडीतून आम्हाला कुणी बाहेर काढलं नाही, कारण ‘हॉबिट’ सोडवलेला माणूस आमच्या नात्यागोत्यात नव्हता. तेव्हा वाचकांना विनंती, की तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमच्या ओळखीतल्या कुणी, त्या कोठडीतून थोरिनसह सुखरूप बाहेर पडला असेल, तर कळवावं. झेरॉक्सचे पैसे आम्ही देऊ.